ड्रायरचा कट-ऑफ ‘डायरेक्ट’ करू नका, आधी हवेची वाट तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कपडे वाळवण्याचा ड्रायर फिरतो पण तापत नाही, अशी तक्रार आली की निदान ठरलेले असते: ‘थर्मोस्टॅट गेला.’ ते निम्मे बरोबर असते. थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमानानुसार हीटर चालू-बंद करणाऱ्या भागाचा, किंवा त्याच्या शेजारच्या कट-ऑफचा, म्हणजे जादा तापल्यास हीटरची वीज कायमची तोडणाऱ्या भागाचा, संपर्क खरोखरच तुटलेला असतो. तो कशामुळे तुटला, हे मात्र कोणी पाहत नाही. मग एक तर नवा भाग बसवला जातो आणि काही आठवड्यांत तोही उडतो, नाही तर त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून यंत्र ‘डायरेक्ट’ करून दिले जाते. हा दुसरा प्रकार घराला आग लावू शकतो. आम्ही घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो. थर्मोस्टॅट बदलणे अवघड नाही, पण ते कोणत्या क्रमाने आणि काय काय तपासून करायचे, हे वाचकांपर्यंत पोचावे म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

हीटरच्या ड्रायरमध्ये तापमानावर लक्ष ठेवणारे तीन-चार भाग असतात आणि सगळ्यांनाच सरसकट थर्मोस्टॅट म्हटले जाते. गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला रोजच्या कामाचा. तो ब्लोअरच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याच्या कवचावर, ड्रममधून बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेवर बसतो आणि कपड्यांना किती उष्णता द्यायची ते ठरवतो. दुसरा हीटरच्या पेटीवर असतो, त्याला हाय-लिमिट म्हणतात. पेटी प्रमाणाबाहेर तापली तर तो हीटर तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. तिसरा त्याच पेटीवरचा थर्मल कट-ऑफ. तो एकदाच तुटतो, परत जुळत नाही. चौथा ब्लोअरजवळचा थर्मल फ्यूज, तोही एकदाच कामाला येणारा. एका फार प्रचलित रचनेतले आकडे असे आहेत: कामाचा थर्मोस्टॅट ६८ अंश सेल्सिअसला तुटतो आणि ५४ अंशांना जुळतो, हाय-लिमिट १२१ अंशांना तुटतो, ७७ च्या आसपास जुळतो, ब्लोअरवरचा फ्यूज ९१ अंशांना आणि हीटरवरचा कट-ऑफ १७८ अंशांना उडतो. प्रत्येक उत्पादकाचे आकडे वेगळे असतात, पण चढत्या पायऱ्यांची ही मांडणी सगळीकडे सारखीच.

या भागांच्या अंगावर आकडे छापलेले असतात, ते वाचायला शिकावे. ‘एल १५५-२५ एफ’ असे लिहिले असेल तर तापमान वाढताना १५५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ६८ सेल्सिअसला संपर्क तुटतो आणि २५ फॅरनहाइट अंशांनी खाली आल्यावर पुन्हा जुळतो. ‘एल २५०-८० एफ’ हा २५० फॅरनहाइटला तुटणारा आणि ८० अंश उतरल्यावर जुळणारा हाय-लिमिट. दिसायला दोन्ही हुबेहूब सारखे: त्याच आकाराची गोल चकती, तेच दोन कान, तीच टर्मिनले. दुकानात जुना भाग दाखवून ‘असाच द्या’ म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे. यंत्राच्या दाराच्या चौकटीच्या आत किंवा मागच्या पत्र्यावर मॉडेल क्रमांकाची पट्टी असते. भाग त्या क्रमांकावरूनच मागवायचा.

थर्मोस्टॅटच्या आत दोन धातूंची जोडलेली, किंचित फुगीर चकती असते. दोन्ही धातू तापल्यावर कमी-जास्त प्रसरण पावतात, त्यामुळे ठरावीक तापमानाला ती ‘टक्’ करून उलटी होते आणि बारीक दांडीने संपर्क उचलते. संपर्क असा झटक्यात तुटल्यामुळे ठिणगी कमी पडते. कमी पडते, पण पडतेच. दहा-पंधरा अँपिअरचा प्रवाह रोज तोडता-जोडता संपर्कांची टोके काळवंडतात, खड्डे पडतात, आणि शेवटी एक तर टोके कायमची वेगळी राहतात किंवा वितळून एकमेकांना चिकटतात. पहिल्या प्रकारात यंत्र थंड पडते आणि लगेच लक्षात येते. दुसरा प्रकार गुपचूप चालू राहतो. थर्मोस्टॅट तुटेनासा होतो, हवा तापतच जाते, आणि सगळी भिस्त वरच्या पायऱ्यांवर येऊन पडते.

या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. उडालेल्या कट-ऑफमागे बहुतेक वेळा अडलेली हवा असते. कपड्यांतून सुटणारी तंतूंची बारीक लव जाळीतून निसटून बाहेर जाणाऱ्या नळीत साचते. नळी अरुंद झाली, भिंतीमागे दबली किंवा बाहेरचे झाकण अर्धेच उघडू लागले की हीटरवरून जाणाऱ्या हवेचे प्रमाण घटते. हीटरची कॉइल, म्हणजे तापणारी तार, तेवढीच उष्णता देत असते, ती वाहून नेणारी हवा मात्र कमी, म्हणून हीटरची पेटी तापते. बाहेर पडणारी हवा ६८ अंशांना पोचायच्या आधीच पेटीवरचा हाय-लिमिट १२१ अंशांना तुटतो. तो थंड होऊन जुळतो, पुन्हा तुटतो. हीटर निम्माच वेळ चालू राहिल्याने कपडे वाळायला दुप्पट वेळ लागू लागतो. घरातल्यांना वाटते हीटर अशक्त झाला, आणि कधी कधी चांगला हीटर विनाकारण बदलला जातो. हाय-लिमिट हा अपवादाच्या प्रसंगासाठी असतो, दर फेरीत वीस-तीस वेळा तुटण्यासाठी नाही. काही महिन्यांत त्याचे संपर्क चिकटतात. आता मधे थांबवणारे कोणी नाही. पेटी १७८ अंशांपर्यंत जाते आणि कट-ऑफ उडतो. त्याच्या जागी नुसता नवा कट-ऑफ बसवला, तर नळी तुंबलेली आणि हाय-लिमिट चिकटलेला अशा यंत्रात तो बसतो. तो किती टिकणार हे वेगळे सांगायला नको. कट-ऑफ आणि हाय-लिमिट जोडीने विकले जातात ते याच कारणाने, आणि बदलायचेही जोडीनेच.

म्हणून यंत्र उघडण्यापूर्वी लक्षणे नीट विचारून घ्यावीत. उष्णता अचानक गेली की आधी काही आठवडे वाळायला जास्त वेळ लागत होता? जास्त वेळ लागत असेल तर संशय आधी हवेच्या वाटेवर. कपडे करपल्यासारखे पिवळे पडत असतील, झिप आणि बटणे हाताला चटका देत असतील, तर कामाचा थर्मोस्टॅट चिकटला आहे किंवा, इलेक्ट्रॉनिक यंत्रात, हीटरचा रिले, म्हणजे सर्किट बोर्डाच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटला आहे. यंत्र अजिबात सुरूच होत नसेल तरी तापमानाचाच दोष असू शकतो, कारण पुष्कळ रचनांत ब्लोअरवरचा थर्मल फ्यूज मोटरच्या मार्गात असतो. तो उडाला की ड्रमही फिरत नाही. काही मिनिटे चालून यंत्र पूर्ण थांबते आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा चालते, तेव्हा बहुधा मोटरच्या आतले तिचे स्वतःचे संरक्षण काम करत असते. त्यात या थर्मोस्टॅटचा काही दोष नाही.

यांत्रिक टायमरच्या यंत्रांत एक खूण हमखास फसवते. ‘ऑटो’वर ठेवले की डायल तासन्‌तास जागचा हलत नाही, मिनिटांच्या फेरीवर मात्र व्यवस्थित पुढे सरकतो. टायमर बिघडला असे समजून तो बदलला जातो. अशा पुष्कळ यंत्रांत ऑटो फेरीमध्ये टायमरच्या मोटरला वीज मिळते ती कामाचा थर्मोस्टॅट तुटलेला असतानाच. हवा ६८ अंशांना पोचलीच नाही तर थर्मोस्टॅट तुटत नाही आणि टायमरही पुढे जात नाही. शोधायचे असते ते उष्णता कमी का पडते याचे कारण.

आता प्रत्यक्ष काम. प्लग सॉकेटमधून काढा. बटण बंद केलेले पुरेसे नाही. यंत्र थेट जोडलेले असेल तर त्याचा एमसीबी पाडून टेस्टरने खात्री करा. नुकतेच चालवले असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या. मोटरला कपॅसिटर असेल तर प्लग काढल्यावरही त्यात भार शिल्लक राहू शकतो, त्याच्या टोकांना हात लावू नका. कापलेल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घाला. हे फाजील वाटते, पण या कामात होणाऱ्या दुखापती जास्त करून पत्र्याच्याच असतात.

थर्मोस्टॅटपर्यंत पोचण्याची वाट रचनेवर अवलंबून आहे. काही यंत्रांत मागचा पूर्ण पत्रा आठ-दहा स्क्रूंवर निघतो आणि हीटरची पेटी व ब्लोअर समोर येतात. काहींत पुढचा खालचा पत्रा काढावा लागतो. काहींत वरचे झाकण दोन स्प्रिंग क्लिपांवर असते. पुढच्या फटीत पातळ पटाशी घालून, कोपऱ्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर दाबले की ते सुटते. जोर लावून वाकवू नका. झाकण निघत नसेल तर कुठेतरी एक स्क्रू राहिलेला असतो, बहुधा जाळीच्या खाचेत. पुष्कळ यंत्रांच्या आत, पत्र्याला चिकटवलेला किंवा घडी करून खोचलेला वायरिंगचा कागद सापडतो. तो फेकू नये. मोजायचे सगळे आकडे त्यावर असतात.

वायर काढण्याआधी फोटो काढा, जवळून आणि लांबून. टर्मिनल काढताना वायर ओढू नका, नोज प्लायरने धातूचे टोकच धरून सरळ मागे घ्या. उष्णतेने कडक झालेली वायर थिंबलच्या, म्हणजे तिच्या टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या जोडणीच्या, मुळाशी तुटते आणि कधी वरून शाबूत दिसते.

मोजताना प्रत्येक भागाची निदान एक वायर काढलेली असलीच पाहिजे. नाही तर मल्टिमीटर हीटरमधून किंवा मोटरच्या वेटोळ्यातून फिरून आलेला मार्ग दाखवतो आणि उडालेला फ्यूज चांगला ठरतो. ओहमच्या सर्वांत खालच्या टप्प्यावर ठेवून दोन टोकांना मोजा. थंड असताना चारही भाग एक ओहमच्या आत दाखवले पाहिजेत. फ्यूज किंवा कट-ऑफ अनंत, म्हणजे मार्ग तुटलेला, दाखवत असेल तर तो उडाला, प्रश्न मिटला. थर्मोस्टॅटच्या बाबतीत मात्र थंड असतानाचे शून्य फार काही सांगत नाही. चिकटलेला थर्मोस्टॅटही शून्यच दाखवतो. तो तापवून पाहावा लागतो. धातूच्या तोंडाला तापमापकाचा बारीक सेन्सर चिकटवा, टोके मीटरला जोडा, आणि गरम हवेच्या गनने हळूहळू तापवा. ‘टक्’ आवाज होऊन मीटर अनंतावर गेला ते तापमान टिपा, मग थंड होताना कधी जुळतो तेही टिपा. पाच-सहा अंशांचा फरक चालतो. पंधरा-वीस अंश उशिरा तुटणारा थर्मोस्टॅट कचऱ्यात. घाई करून एकदम तापवले तर सेन्सर आणि चकती यांच्या तापमानात फरक पडतो आणि चांगला भागही वाईट ठरतो.

काही कामाच्या थर्मोस्टॅटना चार टर्मिनले असतात, दोन रुंद आणि दोन अरुंद. रुंद जोडी हीटरचा प्रवाह नेते. अरुंद जोडी आत बसवलेल्या छोट्या हीटरची असते. कमी उष्णतेची निवड केली की तो छोटा हीटर चकतीला बाजूने ऊब देतो, त्यामुळे ती हवा कमी तापलेली असतानाच तुटते. त्या जोडीवर काही हजार ओहम यायला हवेत. ते अनंत असेल तर यंत्र जास्त उष्णतेवर ठीक चालते आणि नाजूक कपड्यांच्या निवडीवर मात्र तितकेच तापते. ही तक्रार ऐकली की आधी तिथेच मोजावे.

इलेक्ट्रॉनिक यंत्रांत कामाच्या थर्मोस्टॅटची जागा थर्मिस्टर घेतो. त्याला टक् वगैरे काही नाही. तापमान वाढेल तसा त्याचा रोध उतरत जातो. बराच वापरला जाणारा प्रकार २५ अंशांना १० हजार ओहमचा असतो आणि ५० अंशांना साडेतीन-चार हजारांपर्यंत खाली येतो. मुठीत धरला तरी आकडा सरसर उतरताना दिसला पाहिजे. रोध बरोबर असूनही हवा अतोनात तापत असेल, तर सर्किट बोर्डावरचा हीटरचा रिले चिकटला आहे का ते पाहा. थर्मिस्टर कितीही खरे सांगो, चिकटलेला रिले ते ऐकत नाही.

हीटर मोजल्याशिवाय पत्रा परत लावू नये. अपेक्षित रोध काढणे सोपे आहे: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्ट, २००० वॅटच्या हीटरला साधारण २६ ओहम, २४० व्होल्ट, ५४०० वॅटच्या हीटरला पावणेअकरा. मग प्रत्येक टोक आणि पेटीचा पत्रा यांच्यात मोजा. तिथे अनंतच यायला हवे. कॉइल खचून किंवा तुटून पत्र्याला टेकली असेल तर एक विचित्र आणि भयंकर प्रकार होतो. थर्मोस्टॅट ज्या बाजूच्या वायरवर आहे ती बाजू तुटली, तरी दुसऱ्या बाजूने कॉइलमधून पत्र्याकडे प्रवाह वाहत राहतो आणि हीटर तापतच राहतो. जिथे दोन १२० व्होल्टच्या तारांवर २४० व्होल्टचे ड्रायर चालतात तिथे हे चांगलेच ओळखीचे आहे. नवा कट-ऑफ तासाभरात उडण्यामागे कधी कधी हेच कारण असते. अर्थिंग नीट असेल आणि गळती ओळखणारा ब्रेकर लावलेला असेल तर तो पडतो. त्याला ‘उगाच पडतो’ म्हणून काढून टाकणारे लोक आहेत, हे आम्हांला अतिशय काळजीचे वाटते.

आता पुन्हा हवा, कारण खरा दोष इथेच सापडतो. जाळी पाण्याखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचले तर कपडे मऊ करणाऱ्या रसायनाचा थर बसला आहे. डोळ्यांना जाळी स्वच्छ दिसते, हवेला ती बंद असते. साबण आणि मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळवा. जाळीखालची पोकळी, ब्लोअरचे कवच आणि हीटरची पेटी व्हॅक्यूमने साफ करा. ब्लोअरचे पाते हाताने फिरवा. प्लॅस्टिकच्या पात्याचे मधले छिद्र झिजले की मोटर फिरते आणि पाते घसरते, हवा मंदावते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. ड्रमच्या कडेची फेल्टची पट्टी झिजली असेल तर ब्लोअर हीटरवरची हवा ओढायच्या ऐवजी फटीतून गार हवा ओढतो. मग नळी कितीही स्वच्छ असली तरी पेटी तापते.

नळी शक्यतो १०० मिलिमीटर व्यासाची, आतून गुळगुळीत, धातूची असावी. प्लॅस्टिकची किंवा पातळ फॉइलची नळी नको. ती दबते, तिच्या वळ्यांत लव अडकते आणि आग लागली तर ती थांबवत नाही. सांधे स्क्रूने जोडू नका, आत आलेल्या स्क्रूच्या टोकांवर लवेचे जाळे विणले जाते. सांध्यांवर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. लांबीलाही मर्यादा आहे. अमेरिकेच्या आदर्श निवासी बांधकाम नियमांत ३५ फूट, म्हणजे सुमारे साडेदहा मीटर ही सर्वसाधारण कमाल लांबी धरतात आणि नेहमीच्या प्रत्येक काटकोनी वळणासाठी त्यातून ५ फूट वजा करतात. तीन वळणे घेतली तर २० फूटच उरतात. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. बाहेरच्या तोंडाला पक्ष्यांसाठी बारीक जाळी लावू नये, ती आठवडाभरात लवेने बंद होते. झडपेचे झाकण पुरेसे आहे. त्याच देशाच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी दिलेल्या अंदाजानुसार तिथे निवासी इमारतींत दरवर्षी सुमारे २,९०० आगी ड्रायरमुळे लागत होत्या, आणि कारणांत सर्वांत पुढे, ३४ टक्के, साफसफाई न करणे हे होते. आपल्याकडे अशा बातम्यांत बहुधा ‘शॉर्टसर्किट’ एवढेच लिहिले जाते. नळीत लव होती का, संरक्षण डायरेक्ट केलेले होते का, हेही वार्ताहरांनी विचारावे आणि छापावे, अशी आमची आपल्याला विनंती आहे.

नवा भाग बसवताना काळजी घ्यायची ती टर्मिनलांची. जुने थिंबल निळे-काळे पडले असेल, ढिले झाले असेल, तर तसेच परत खोचू नका. ढिला सांधा स्वतः तापतो, ती उष्णता टर्मिनलमधून चकतीला पोचते, आणि नवा थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाच्या बराच आधी तुटू लागतो. मग ‘नवा भागच खराब निघाला’ अशी ओरड होते. वायर चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापा आणि जास्त तापमान सहन करणारे, प्लॅस्टिकचे आवरण नसलेले निकेल मुलाम्याचे थिंबल पक्के दाबून बसवा. नेहमीचे लाल-निळ्या आवरणाचे थिंबल हीटरजवळ वितळते. चकतीचे तोंड पत्र्याला सपाट टेकले पाहिजे, मधे लव किंवा गंज नको. थर्मल पेस्ट, रबर, वॉशर असले काहीही मधे घालायचे नाही, मूळ रचनेत असेल तेवढेच. स्क्रू हाताने घट्ट करून थांबा. जास्त आवळले तर कान वाकतो आणि एका बाजूने फट पडते. वायरी ड्रम, पट्टा आणि हीटरच्या पेटीपासून दूर, मूळ क्लिपांमध्येच बांधा. काढलेली अर्थिंगची वायर परत लावली का, हे पत्रा बंद करण्यापूर्वी डोळ्यांनी पाहा.

कधीही जास्त आकड्याचा थर्मोस्टॅट लावून ‘लवकर वाळतील’ असा हिशेब करू नये. वाळण्याचा वेग तापमानाइतकाच हवेच्या प्रवाहावर असतो. वाढलेले तापमान कपड्याचे धागे कमकुवत करते आणि लवेची मात्रा वाढवते, जी पुन्हा नळीतच जाते.

डायरेक्ट करण्याबद्दल आमचे मत ठाम आहे: तपासणीसाठीही चालू यंत्रात असे करू नये, कारण ‘उद्या भाग आला की बसवू’ म्हणून जोडलेली वायर वर्षानुवर्षे तशीच राहते. मल्टिमीटर असताना त्याची गरजही नाही. ज्यांनी जुने ड्रायर विकत किंवा कोणाकडून घेतले असतील, त्यांनी एकदा मागचा पत्रा उघडून दोन थिंबल परस्परांत जोडलेली किंवा टेपने गुंडाळलेली नाहीत ना, हे पाहावे.

चाचणी अशी घ्या. विजेवरचे यंत्र असेल तर प्रथम नळी न जोडता, ड्रम रिकामा ठेवून, कमाल उष्णतेवर चालवा आणि बाहेर पडणाऱ्या हवेत तापमापक धरा. तापमान चढत जाऊन ६५ ते ७० अंशांच्या आसपास हीटर तुटला पाहिजे, मग ते उतरून पुन्हा चढले पाहिजे. निदान तीन-चार फेऱ्या पाहा. मग नळी जोडून तेच करा. नळी जोडल्यावर कमाल तापमान गाठलेच जात नसेल, किंवा त्याआधीच मधूनमधून उष्णता जात असेल, तर हाय-लिमिट तुटतो आहे आणि नळी अजून अडलेली आहे. बाहेरचे झाकण पूर्ण उचलले जाते का, तेही जाऊन पाहा. फेरी संपताना शेवटची काही मिनिटे गार हवा येऊ द्यावी. ऐन उष्णतेत यंत्र बंद केले किंवा वीज गेली तर तापलेल्या कॉइलवरची हवा थांबते आणि पेटीचे तापमान उडी घेते. काही घरांत दोष काहीच नसताना कट-ऑफ उडतो तो असा.

काही यंत्रांत, विशेषतः पाणी टाकीत जमा करणाऱ्या कंडेन्सर प्रकारात, हीटरवरचा एक संरक्षक थर्मोस्टॅट हाताने दाबून परत जोडण्याचा असतो. मागच्या बाजूला त्याचे छोटे बटण दिसते. यंत्र थंड झाल्यावर ते एकदा दाबावे. पुन्हा उडाले तर दाबत बसू नये; कंडेन्सरच्या पात्यांमध्ये लव भरलेली असते, ती धुवावी. हीटपंपच्या ड्रायरमध्ये कॉम्प्रेसर असतो आणि बहुतेकांत हीटर नसतोच, त्यामुळे वरचे बरेचसे लागू होत नाही. शिवाय नव्या यंत्रांपैकी काहींत प्रोपेन हा ज्वलनशील वायू भरलेला असतो. त्याची बंद नळी घरी उघडायचीच नाही. गॅसच्या ड्रायरमध्ये थर्मोस्टॅट बदलणे तसेच असते, पण आधी गॅसची चावी बंद करा, आणि नळी काढून चाचणी कधीही घेऊ नका, कारण ज्वलनातला कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो.

उत्पादकांना एकच मागणी. कोणता भाग कुठे बसतो, किती अंशांना तुटतो आणि किती ओहम दाखवतो, याचा तक्ता मागच्या पत्र्याच्या आतून छापा. तोवर दुरुस्ती करणाऱ्याने हे स्वतः करावे: पत्रा बंद करण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेनाने तारीख, बदललेल्या भागावरचा आकडा, हीटरचा रोध, आणि नळीशिवाय व नळीसकट मोजलेले कमाल तापमान लिहून ठेवावे. पुढच्या वेळी यंत्र उघडणाऱ्याला हे आकडे ताज्या मापांशी ताडून दोष हीटरचा, थर्मोस्टॅटचा की नळीचा हे काही मिनिटांत ठरवता येते.

आपले विश्वासू,
घरगुती विद्युत उपकरणांची दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ